पडण्यापुरती माती

नंदुरबार शहराच्या एका नव्या वसाहतीच्या कडेला काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात गटाराचे खोदकाम झाले. निघालेली माती आणि मुरूम शेजारच्या मोकळ्या भूखंडावर टाकला गेला. पंधरवड्यानंतर आम्ही त्याच वाटेने गेलो, तेव्हा त्या ढिगाचा आकार बदललेला होता. एका अंगाने चढ कापून गुळगुळीत केलेला, मध्ये हातभर रुंदीचा खड्डा, आणि पलीकडे तेवढाच लांब उतार. सात-आठ मुले शाळेच्या गणवेशातच सायकलींवरून धावत येऊन त्या चढावरून उडत होती आणि पलीकडच्या उतारावर उतरत होती. कोणाच्या सायकलीला घंटी नव्हती, कोणाच्या सायकलीला ब्रेक. एक मुलगी आपली शाळेची सायकल घेऊन रांगेत उभी होती. रांग होती, हे विशेष. लहान मुलांनी आधी जायचे, मोठ्यांनी मागून, आणि जो पडेल त्याने उठून आपल्या चाकाने विस्कटलेली माती फावड्याने पुन्हा थोपटायची, असा अलिखित नियम त्यांनी आपसांत ठरवलेला दिसला. आम्ही तासभर पाहत उभे होतो. पुढच्या आठवड्यात यंत्राने तो ढीग सपाट केला. यथावकाश तेथे सिमेंटचे ठोकळे बसले, दोन बाके आली, आणि एक फलकही आला. फलकावर सायकल चालवण्यास मनाई होती.

कोणी मुद्दाम मुलांचे नुकसान केले, असे आम्हांला म्हणायचे नाही. ज्याने माती सपाट केली त्याने आपले काम केले. परंतु त्या फलकापाशी उभे राहिल्यावर एक प्रश्न मनात आला आणि तो पुढे बरेच दिवस गेला नाही. सार्वजनिक बागेत माती का नसावी? आणि मुलाला पडता येईल अशी जागा देणे हे नगरपालिकेचे काम आहे, ही कल्पना आपल्याला इतकी परकी का वाटावी?

त्या मुलांनी नकळत जे बांधले होते, त्याला जगभर ‘डर्ट जंप’ म्हणतात. मातीचे उंचवटे ओळीने रचायचे, एकावरून सायकलसह उडायचे आणि दुसऱ्याच्या उतारावर उतरायचे, एवढाच हा खेळ. त्याची खरी गोम उतरण्यात आहे. सपाट जमिनीवर वरून आदळले तर सारा भार मनगटांवर आणि गुडघ्यांवर येतो. उतारावर उतरले तर तोच भार पुढच्या गतीत विरून जातो. म्हणून जाणकार लोक चढापेक्षा उताराची मशागत अधिक काळजीने करतात. अनेक देशांतील नगरपालिकांनी आपल्या उद्यानांत अशा जागा राखून ठेवल्या आहेत. आपल्याकडे असे काही सुचवले तर ते परदेशी खूळ वाटेल, याची आम्हांला कल्पना आहे. पण हे खूळ वाटते तेवढे परके नाही. सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी मराठीत जे चार शब्द रूढ आहेत, त्यांचा इतिहास तपासला तरी हे ध्यानात येते. ते शब्द म्हणजे आखाडा, मैदान, बाग अथवा उद्यान, आणि क्रीडांगण.

आखाडा हा शब्द संस्कृत ‘अक्षवाट’ या शब्दापर्यंत मागे नेता येतो. कुस्तीसाठी राखलेली, वेढलेली जागा असा त्याचा अर्थ. या जागेचे सर्वस्व म्हणजे तिची माती. आखाड्याची माती चाळलेली असते. तीत हळद, तेल, ताक, लिंबू, कापूर मिसळण्याचा प्रघात आहे. ती रोज उकरली जाते आणि उकरण्याचे काम मल्लांनाच करावे लागते, कारण तो व्यायामाचाही भाग आहे. घट्ट बसलेली माती पडणाऱ्याला मारते, उकरलेली माती त्याला झेलते, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तालमींतून चालत आले. मातीवर देखरेख ठेवणारा वस्ताद असतो. नवख्याने कोणाशी धरावे, कधी थांबावे, हे तो ठरवतो. म्हणजे पडण्यासाठी तयार केलेली जमीन, तिची निगा राखण्याची रीत आणि धोक्याचे माप ठरवणारा जाणता माणूस, या तीन गोष्टी आपल्या समाजाने एकत्र आणल्या होत्या. वर आम्ही वर्णिलेल्या मुलांनीही नेमके हेच तिन्ही घटक आपल्या परीने जुळवले होते.

ही परंपरा केवळ गल्लीतल्या तालमींपुरती नव्हती. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधवून घेतले आणि ते १९१२ मध्ये उभे राहिले. मधला हौदा खोल आणि भोवती चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना आहे, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही माती दिसते. अमरावतीत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकार दाखवण्यासाठी गेले. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, ते मातीत घडलेल्या अंगाने. त्याआधी १९४८ मध्ये लंडनला ते सहावे आले होते. आपल्याकडे मातीवर सराव करायचा आणि तिकडे गादीवर लढायचे, ही अडचण तेव्हापासून आपल्या मल्लांच्या वाट्याला आली. आज कुस्ती बहुतांशी गादीवर गेली आहे. खानदेशातल्या यात्रांतून अजून मातीवर दंगली होतात, तेव्हा नवखे पोरगेही उतरण्यापूर्वी चिमूटभर माती कपाळाला लावते.

आखाड्याचे गुणगान करताना त्याच्या मर्यादा लपवणे मात्र योग्य नव्हे. आखाडा हा पुरुषांचा होता. मुलींना त्याच्या दारातही उभे राहता येत नसे. पुष्कळ तालमी एखाद्या पेठेच्या, जातीच्या किंवा धर्माच्या राहिल्या, आणि त्या मातीवर कोणाचे पाय लागावेत हे समाजानेच ठरवले. शाहू महाराजांसारख्यांच्या आश्रयाने त्या भिंती काही ठिकाणी खचल्या, सर्वत्र नाही. म्हणून आखाड्यापासून आपण घ्यायचे ते त्याचे मातीविषयीचे ज्ञान. त्याचा उंबरठा घ्यायचे कारण नाही.

मैदान हा शब्द फारसीतून आला. घोडे दौडवण्याची, कवायतीची विस्तीर्ण मोकळी जागा हा त्याचा जुना अर्थ. नंदुरबार जिल्ह्याला तो शब्दकोशात शोधावा लागत नाही. शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार भरतो. विकत घेणारा माणूस घोडा नुसता पाहून घेत नाही. तो त्याला चालवून, दौडवून पाहतो, आणि त्यासाठी माती मोकळी राखलेली असते. जनावराला पाय टाकण्यासाठी कोणती जमीन हवी याचा जितका विचार त्या यात्रेत होतो, तितका मुलांच्या पायांसाठी आपल्या नगररचनेत होतो काय, हा प्रश्न आम्ही कुचेष्टेने विचारत नाही.

नागरी मैदानाचे मराठीतले सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे दादरचे शिवाजी पार्क. मुंबई महापालिकेने ते १९२५ मध्ये खुले केले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने १९२७ मध्ये ते बदलले. नाव ‘पार्क’ असले तरी लोकांनी त्याचे मैदान केले. एकाच वेळी तेथे क्रिकेटच्या कितीतरी खेळपट्ट्यांवर सामने चालतात, कडेला मल्लखांब चालतो, सभाही होतात. अलीकडच्या वर्षांत तेथे पसरलेल्या लाल मातीच्या धुळीवरून रहिवासी आणि महापालिका यांच्यात वाद झडला. धूळ घरात येते, दम्याच्या रुग्णांना त्रास होतो, ही रहिवाशांची तक्रार खरी आहे. परंतु त्या वादात एक गोष्ट उघड झाली. शहराला खेळ हवा असतो, माती नको असते. मातीला पाणी पाजणे, तिच्या कडेने गवत आणि झाडे राखणे, ती दाबून बसवणे ही कामे कोणी करायची हे ठरलेले नसले की माती ही केवळ धूळ होते. आखाड्यातल्या वस्तादाची जागा रिकामी राहिली की काय होते, ते असे दिसते.

तिसरा शब्द बाग. हाही फारसी, आणि मुळात खाजगी. हिराबाग, सारसबाग ही पुण्यातली नावे पेशव्यांच्या विलासाची आणि विसाव्याची आहेत. इंग्रजी अमलात बाग सार्वजनिक झाली, पण पाहण्यासाठी. मुंबईच्या भायखळ्यातली राणीची बाग १८६२ मध्ये उघडली. ती वनस्पतींचे संग्रहालय म्हणून कल्पिलेली होती. अशा बागेत माणसाने संथ चालावे, झाडांची नावे वाचावीत, बँड ऐकावा आणि घरी जावे, अशी अपेक्षा असे. गवत हे तुडवण्यासाठी नसून पाहण्यासाठी असते, ही समजूत तेथूनच आपल्या गावोगावच्या नगरपालिकांच्या बागांत आली. ‘उद्यान’ हा आपण तिच्यासाठी स्वीकारलेला संस्कृत शब्द मात्र वेगळेच सांगतो. ‘उद्’ आणि ‘या’ यांपासून तो झाला आहे. बाहेर पडणे, निघून जाणे हा त्याचा मूळ भाव. घराच्या चौकटीतून बाहेर पडण्याची जागा ती उद्यान. आज तेथे पोहोचल्यावर पहिली भेट मनाईच्या फलकाशी होते. फुले तोडू नयेत, गवतावर चालू नये, चेंडू खेळू नये, सायकल आणू नये.

चौथा शब्द क्रीडांगण. हा आपल्या कायद्यांचा आणि नकाशांचा शब्द आहे. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार शहराच्या विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी जमीन आरक्षित करता येते. त्याच कायद्याचे १२७ वे कलम असेही सांगते की आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, आणि मालकाने नोटीस दिल्यावरही ठरलेल्या मुदतीत पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. अशा रीतीने नकाशावर हिरवे दिसणारे कितीतरी तुकडे जमिनीवर कधी उतरतच नाहीत. १९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांची तरतूद हा नागरी संस्थांकडे सोपवण्याचा विषय म्हणून नोंदवला आहे. २०२० साली राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तीनुसार चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाची आखणी करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. म्हणजे नंदुरबार, शहादा, तळोदे, नवापूर या शहरांत नवी वसाहत झाली की कायद्याने निदान चारशे चौरस मीटर मोकळी जमीन निर्माण होते. प्रश्न तिच्यावर काय करायचे एवढाच उरतो. बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असते. ठोकळे बसवायचे, कडेने शोभेची झाडे लावायची, एक घसरगुंडी आणि दोन झोके आणून ठेवायचे.

ठोकळे बसवण्याने काय जाते, याची नोंद साहित्याच्या अभ्यासकांनी तरी घ्यायला हवी, कारण आपल्या भाषेतला मोठा ऐवज या मातीत आहे. विटीदांडूला जमिनीत खळगा लागतो. गोट्यांना गल लागते. आट्यापाट्यांच्या पाट्या मातीवर ओढाव्या लागतात. लगोरीत धावताना घसरावे लागते, आणि सिमेंटवर घसरले की कातडे जाते. हे खेळ मोबाइल फोनमुळे मेले असे आपण सर्रास म्हणतो. ते काही अंशी खरेही असेल. पण फोन येण्याच्या आधीच त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतलेली होती. ‘डाव’, ‘गडी’, ‘राज्य घेणे’, ‘बाद’ हे शब्द वाक्प्रचार म्हणून आपण अजून वापरतो. ज्या जमिनीवर ते जन्मले ती जमीन मात्र राहिली नाही.

येथे जरा बाहेर पाहू. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, १९४३ मध्ये, कोपनहेगनजवळ एम्ड्रुप येथे एक विलक्षण क्रीडांगण सुरू झाले. उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांनी पाहिले होते की मुलांना बांधून दिलेल्या क्रीडांगणापेक्षा बांधकामाच्या जागेवरचे लाकूड, विटा आणि माती यांत अधिक रस असतो. म्हणून त्यांनी मुलांना तेच दिले. सोबतीला जॉन बर्टेल्सन नावाचा एक शिक्षक राहिला. त्याचे काम शिकवण्याचे नव्हते. तो मुलांना हत्यारे देई, लक्ष ठेवी आणि बाकी वेळ बाजूला राही. युद्धानंतर लेडी ॲलन यांनी ही कल्पना इंग्लंडमध्ये नेली आणि बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या मोकळ्या जागांवर अशी क्रीडांगणे उभी राहिली.

सायकलच्या उड्यांचा इतिहासही असाच एका सार्वजनिक उद्यानाशी जोडलेला आहे. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाम्स पार्कमध्ये काही मुले आपल्या लहान सायकली शर्यतीच्या मोटारसायकलींसारख्या पिटाळू लागली. रॉन मॅकलर हा त्या उद्यानातला तरुण कर्मचारी. त्याला मोटारसायकल शर्यतींचा अनुभव होता. त्याने मुलांना हाकलले नाही, शर्यत नीट आखायला मदत केली. त्यातून आणि आसपासच्या तशाच प्रयत्नांतून ‘बीएमएक्स’ हा क्रीडाप्रकार वाढला. २००८ मध्ये बीजिंगला त्याच्या शर्यती ऑलिंपिकमध्ये आल्या, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याचा कसरतींचा प्रकारही आला. आम्हांला या कथेतले ऑलिंपिक तितकेसे महत्त्वाचे वाटत नाही. एका उद्यानाच्या कर्मचाऱ्यापुढे दोन पर्याय होते आणि त्याने वस्तादाचा पर्याय निवडला, हे महत्त्वाचे वाटते. सर्वत्र असे झाले नाही. अनेक शहरांत मुलांनी रानात किंवा उद्यानाच्या कोपऱ्यात खणलेले उंचवटे पालिकेने सपाट केले, मुलांनी पुन्हा खणले, पुन्हा सपाट झाले. पुष्कळदा या लपंडावाला कंटाळूनच पालिकांनी अधिकृत जागा दिल्या आणि निगा राखण्याची जबाबदारी खेळणाऱ्यांच्या मंडळांवर टाकली.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण मध्य प्रदेशात आहे. पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या गावी २०१५ मध्ये उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी मुलांसाठी चाकांच्या फळ्यांचे, म्हणजे स्केटबोर्डचे, एक काँक्रीटचे मैदान बांधले. गावात आदिवासी आणि यादव अशा दोन वस्त्या, आणि त्यांच्यात अंतर. मैदानाचे नियम दोनच होते. शाळेत गेल्याशिवाय खेळायला मिळणार नाही, आणि मुलींचा नंबर आधी. त्या गावातली आशा गोंड ही मुलगी २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंग येथे जागतिक स्पर्धेपर्यंत गेली. स्पर्धेचा निकाल काय लागला हे विचारणाऱ्याला आम्ही सांगू, की निकाल मैदानाच्या त्या दोन नियमांतच लागला होता. आखाड्याने जे दार मुलींना बंद ठेवले, ते येथे पहिल्याच दिवशी उघडे होते.

नंदुरबारमध्ये हे कसे व्हावे? जनवारला काँक्रीट लागले. आपल्याला तेही लागत नाही. माती लागते, आणि मातीविषयी हा जिल्हा अडाणी नाही. तापीकाठची काळी माती कापसाला उत्तम, पण उंचवट्याला वाईट. पाऊस लागला की ती फुगते, ऊन लागले की तिला भेगा पडतात. सातपुड्याच्या पायथ्याचा मुरूम तिच्यात मिसळून, थराथराने पाणी मारून धुमसले, तर मात्र बांध टिकतो, हे येथल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. पाणी वाहून जाण्यासाठी कडेने चर हवा, ही गोष्टही शेताच्या बांधानेच शिकवली आहे. चारशे चौरस मीटरांत सराईतांच्या मोठ्या उड्या बसणार नाहीत. लहानग्यांसाठी लाटांसारखी वरखाली जाणारी एक वाटोळी वाट आणि दोन बुटके उंचवटे सहज बसतील. मोठ्यांसाठीची रांग मोठ्या उद्यानात वेगळी ठेवावी, म्हणजे सहा वर्षांचे मूल सोळा वर्षांच्या मुलाच्या वाटेत येणार नाही. पावसाळ्यात माती ओली असताना जागा बंद ठेवावी आणि दिवाळीच्या सुट्टीच्या सुरुवातीला मुलांनीच फावडी घेऊन ती पुन्हा घडवावी. शिरस्त्राणाची सक्ती असावी, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी काही शिरस्त्राणे तेथेच ठेवलेली असावीत. सायकली महागड्या लागत नाहीत. घट्ट चौकट, खाली केलेली बैठक आणि चालणारे ब्रेक एवढ्यावर आरंभ होतो.

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की ज्या जिल्ह्यात दोनतृतीयांशांहून अधिक लोक आदिवासी आहेत, जेथे २०११च्या जनगणनेनुसार सहांतला जेमतेम एकच माणूस शहरात राहतो, आणि जेथे कुपोषणाची बातमी दरवर्षी येते, तेथे सायकलच्या उड्यांचे कौतुक कशाला? अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या मुलाला माती कमी आहे काय? आक्षेप गंभीर आहे. अन्नाची आणि औषधाची जागा खेळ घेऊ शकत नाही, आणि कोणी तसे म्हणू नये. पण त्याच डोंगरातली मुले शिक्षणासाठी शहरांतल्या वसतिगृहांत येतात, तेव्हा त्यांची माती मागे राहते. व्यापाऱ्याचा मुलगा आणि पाड्यावरून आलेला मुलगा एका शहरात राहतात, शाळेबाहेर एकमेकांना कोठे भेटतात? मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात आल्या, त्यात हा जिल्हाही होता. सायकल मिळाल्याने मुलगी शाळेपर्यंत पोहोचली. ती सायकल केवळ कर्तव्याची न राहता आनंदाचीही व्हावी, असे म्हणणे ही चैन नव्हे.

दुसरा आक्षेप अपघाताचा. कोणाचा हात मोडला तर जबाबदार कोण? साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. त्यात श्यामच्या पोहण्याचा प्रसंग आहे. विहिरीत उडी टाकायच्या भीतीने श्याम लपून बसतो, आणि आईच त्याला हाती छडी घेऊन बाहेर काढते. मराठी मनाने मातृत्वाचा आदर्श म्हणून जिला मान्य केले, तिने मुलाला पाण्यापासून दूर ठेवले नाही. तिने उडी टाकायला लावली. छडीचे समर्थन आज कोणी करणार नाही, आम्हीही करत नाही. परंतु विहिरीवर पोहायला शिकवणारी जाणती माणसे आहेत, याची तिला खात्री होती, हे विसरता येत नाही. उडी एकट्याची असते, तिच्याभोवती समाज उभा असावा लागतो. तो समाज नसेल तर मुले उड्या मारायचे थांबत नाहीत. ती पुलाच्या कठड्यावर, रेल्वेच्या बाजूला, रहदारीच्या रस्त्यावर मारतात. राखलेल्या मातीवर मनगट मुरगळेल. रस्त्यावर त्याहून कितीतरी अधिक जाऊ शकते.

तिसरा आक्षेप आम्हीच आमच्यावर घेतो. आम्ही, चार पुस्तके वाचलेली माणसे, मुलांच्या वतीने हे सारे कोणत्या अधिकाराने बोलत आहोत? शहादा तालुक्यातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ मध्ये आला. त्यांची ‘स्टेज’ ही कविता आपल्यांपैकी अनेकांनी शिकवली असेल. ज्यांचे दुःख त्यांना खाली बसवून, वर बसलेल्यांनी त्यांचेच दुःख त्यांना समजावून सांगावे, या विपरीत व्यवहारावर ती बोट ठेवते. वर्गात ती शिकवणे सोपे आहे. नगरपालिकेच्या बागेची आखणी करताना ती आठवणे अवघड. बागेचा आराखडा ठरवणाऱ्या बैठकीत दहा-बारा वर्षांचे एकही मूल नसते, आणि ते नाही याची खंतही कोणाला नसते. त्या मातीच्या ढिगावरच्या मुलांनी चढ किती असावा, रांग कशी असावी, पडलेल्याने काय करावे, हे स्वतः ठरवले होते. त्यांना विचारले असते तर कदाचित ठोकळ्यांचा खर्चही वाचला असता.

नंदुरबारला मुलांचा इतिहास आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी या शहरात तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती त्यात गेले. शिरीषकुमार जेमतेम सोळाव्या वर्षात होता. माणिक चौकात त्यांचे स्मारक आहे आणि आपण दरवर्षी तेथे फुले वाहतो. त्या दिवशी मुलांनी शहराच्या रस्त्यावर हक्क सांगितला होता, आणि मोठ्यांच्या राज्यकर्त्या जगाने त्याला गोळीने उत्तर दिले. स्वतंत्र देशात मुलांना असा हक्क सांगण्याची वेळ येऊ नये, हे त्या स्मारकाचे आपल्यावरचे ऋण आहे. रस्ता वाहनांनी घेतला, मोकळी जमीन भूखंडांनी घेतली, बाग फलकांनी घेतली. उरलेल्या चारशे मीटरांतला एक कोपरा मातीचा ठेवणे, यात ते ऋण फिटते असे नाही. पण त्याची आठवण तरी राहते.

त्या वसाहतीत आम्ही अलीकडे पुन्हा गेलो होतो. फलक जागेवर आहे. बाकांवर दोघे वृद्ध बसले होते, आणि त्यांना ती जागा मिळाली याचा आम्हांला आनंदच आहे. ठोकळ्यांच्या कडेला, भिंतीपाशी, जेथे काम अर्धवट सुटले होते, तेथे वीतभर उंचीचा एक मातीचा बांध कोणीतरी थोपटून ठेवला होता. त्यावर चाकाची एक ताजी रेघ होती.